मंजुळाबाई धुऱ्यावरून पळाली

वरवट बकालात मंजुळाबाईशी एकदाही भांडण झालेलं नाही असा माणूस कुणी दाखवला, तर तो एक तर परगावचा असणार, नाही तर अजून पाळण्यातला. बाईचं वय साठीच्या पुढचं, उंची बेताची, अंगावर काष्ट्याचं लुगडं, आणि आवाज असा की तिनं मळ्यातून पोराला "राजकुमार" म्हणून हाक मारली की पलीकडच्या शिवारातला भलताच कुणीतरी राजकुमार ओ द्यायचा. पिठाच्या गिरणीत नंबरावरून, एसटीत रुमाल टाकलेल्या जागेवरून, लग्नात आहेराच्या लुगड्याच्या पोतावरून, तिला कारण कमी पडलं नाही. भाच्याच्या लग्नात तर तिनं नवरदेवाच्या मामाला असं फैलावर घेतलं की तो बिचारा अक्षता मुठीत घेऊनच मांडवाबाहेर पडला आणि त्याच अवस्थेत घरी पोचला. नवरा तुळशीराम हयात होता तेव्हा बायकोनं पदर खोचला की तो उठून गोठ्यात जाई आणि बैलाशी बोलत बसे. उलट बोलत नाही, एवढ्या एका गुणावर त्यानं त्या बैलावर जन्मभर माया केली.

पण हा भांडखोरपणा तिनं माहेरून आणलेला नव्हता. माहेरी ती मुकी म्हणून प्रसिद्ध होती, हे आज सांगितलं तर लोक सांगणाऱ्याचं तोंड हुंगून पाहतील. तिला तोंड फुटलं ते धुऱ्यावर. धुरा म्हणजे दोन शेतांमधला मातीचा बांध. वऱ्हाडातली निम्मी भांडणं या धुऱ्यावर उगवतात आणि उरलेली त्यावरच्या बोरीच्या झाडावरून होतात. शेजाऱ्यानं दर नांगरटीला नांगराच्या एका तासाची माती आपल्याकडे ओढायची, आपण म्हणायचं जाऊ द्या, आणि काही वर्षांनी आपलं शेत बारीक झालेलं पाहून आपणच वैद्याकडे गेल्यासारखा चेहरा करायचा, ही तिकडची जुनी रीत. मंजुळाबाई लग्न होऊन आली त्या साली शेजाऱ्यानं, म्हणजे आताच्या इंद्रभानच्या बापानं, असाच नांगर घातला. तुळशीराम ते पाहून घरी आला आणि खाली मान घालून भाकरी खाऊ लागला. हातावरची मेंदी न उतरलेली नवी नवरी उठली, शेतात गेली आणि नांगरासमोर धुऱ्यावर मांडी घालून बसली. बैल लगेच थांबले. माणसाला समजायला संध्याकाळ झाली. उन्हातान्हात ती हलली नाही, तोंडाला आलं ते बोलत राहिली, आणि धुरा वाचला. धुऱ्यावरून जो उठला त्याचं शेत गेलं, हे तिच्या डोक्यात त्या दिवशी जे बसलं ते बसलंच. मग तिनं गिरणी, एसटी आणि लग्नाचा मांडव यांनाही धुरा मानलं, एवढीच काय ती तिची चूक.

अशा बाईला स्वसंरक्षण शिकवायचं कुणाच्या मनात येईल का? पण आलं. गावातल्या मुलींच्या शाळेत शिबीर ठरलं, मुली आणि त्यांच्या घरच्या बायकांसाठी. बुलढाण्याहून अनुपमा नावाची कराटेची मॅडम यायची होती. मुली जमल्या, बायका काही जमेनात. शाळा समितीचे अध्यक्ष महादेवराव यांना फोटोत लुगडी दिसायला हवी होती. ते दारोदार फिरले. मंजुळाबाई आली ती महादेवरावांसाठी नाही, नातीसाठी. राजकुमारची पोरगी वैष्णवी पोलीस भरतीची तयारी करत होती, रोज शेताकडच्या पांदणीनं धावायची, आणि मॅडमच्या हाताखाली मदतीला तीच होती. नात शिकवते म्हटल्यावर आजी पहिल्या रांगेत बसली आणि बिस्किटांचा पुडा फोडून मोकळी झाली.

"समजा, कुणी मनगट धरलं," अनुपमा मॅडमनं विचारलं, "तर काय करायचं?"

"कोनाचा हात हाये त्यावर हाये," मंजुळाबाई म्हणाली.

बायका खो खो हसल्या. मॅडमही हसली, आणि तिनं शिकवलं. धरणाऱ्याच्या मुठीत अंगठा ही कमजोर बाजू, आपला हात तिकडे झटक्यानं फिरवून ओढायचा, जोरात ओरडायचं "सोड, दूर हो", म्हणजे चार माणसं ऐकतील, आणि पळायचं. हल्लेखोर म्हणून शाळेचे खेळाचे दीपक सर उभे केले होते. डोक्याला क्रिकेटचं हेल्मेट, पोटाला बांधलेली उशी. दीपक सरांनी मंजुळाबाईचं मनगट धरलं. हात सुटला तो इतका झकास की मॅडमच्या तोंडून वाहवा निघाली. मग मंजुळाबाईनं त्याच हातानं चप्पल काढली. दीपक सर उशी सांभाळत व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेले आणि त्यांच्या मागोमाग त्यांच्या आजोळच्या सगळ्या माणसांचा उद्धार गेला.

"आजी, थांबा," मॅडम धावत आली. "सुटलात ना? आता पळायचं."

"काऊन पळू? मी काय चोरी केली?"

"सुटेपर्यंत केलं ते स्वसंरक्षण. सुटल्यावर चप्पल मारली की ती मारामारी. दोन्ही एक नाही."

"मंग तो जिकला ना."

"तो तिथंच उभा राहिला आणि तुम्ही धडधाकट घरी पोचलात. सांगा, कोण जिंकलं?"

"जो तिथं उभा हाये तो," मंजुळाबाई म्हणाली, आणि धुरा ज्यांच्या शेताला होता त्या सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. मॅडमच्या शेताला बहुतेक धुरा नसावा. तिनं पुढचा डाव सुरू केला.

त्या "सोड, दूर हो"ची मंजुळाबाईनं घरी येऊन फार टिंगल केली. ना त्यात कुणाची आई, ना कुणाचा बाप. असल्या अळणी ओरडण्यानं कुत्रंसुद्धा हलायचं नाही, असं तिचं मत पडलं.

शिबिरानंतर वैष्णवीचा निकाल लागला. मैदानी झाली होती, लेखी झाली, यादीत नाव आलं. चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. त्यात पुढाऱ्यांचे चेहरे एवढे होते की वैष्णवीला कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढी जागा मिळाली. तरी मंजुळाबाई येताजाता तिथं थांबून त्या तिकिटावरची धूळ पदरानं पुसत होती. आता फक्त चारित्र्याची पडताळणी राहिली होती. गावात पोलीस येणार, पोरीवर गुन्हा नाही, घर भानगडीतलं नाही, हे पाहून जाणार, मग रुजू व्हायचा हुकूम.

इथं आपल्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. गावात मारामारी झाली की तक्रारीत नुसतं मारणाऱ्याचं नाव कधीच नसतं. अख्खं घर लिहून दिलं जातं. म्हातारा खाटेवर पडून असला तरी त्यानं काठी मारलेली असते, सून माहेरी गेलेली असली तरी तिनं केस ओढलेले असतात. आणि घरात कुणाचं नोकरीचं जमत असेल, तर त्याचं नाव सगळ्यात वर. खरंखोटं पुढे कोर्टात ठरतं, पण कोर्टात ठरेपर्यंत भरतीचं वय निघून जातं. नुसत्या नावानं पोर घरी बसवता येतं, हे ज्याला सुचलं त्याला लागलेला तळतळाट कधी संपू नये.

राजकुमारनं आईपुढे हात जोडले. "माय, पडताळणी होईलोक तोंड शिवून ठेव. कोनी काई म्हनो. तुह्या एका चपलीनं पोरीचं वाटोळं होईन."

मंजुळाबाईनं तोंड शिवलं. गिरणीत एकीनं तिच्या पुढे डबा सरकवला, तेव्हा ती गप्प राहिली. गिरणीवाला घाबरला आणि ताप आहे का विचारू लागला.

धुऱ्याचा शेजारी इंद्रभान गावातही समोरच्याच घरात राहायचा. त्याचा पोरगा कुलदीप त्याच भरतीत धावण्यातच बाद झाला होता. समोरच्या घरची पोरगी पोलीस आणि आपला पोरगा दिवसभर मोबाइल घेऊन ओट्यावर, हे त्याच्या पोटात दुखत होतं. त्यात मंजुळाबाई मुकी झाल्याचं त्याला समजलं. उन्हाळी नांगरटीचे दिवस होते. एका दिवशी राजकुमार मिरची घेऊन बाजाराला गेलेला पाहून इंद्रभाननं धुऱ्यावर ट्रॅक्टर घातला.

मंजुळाबाई मळ्यात होती. उन्हं उतरली होती. ट्रॅक्टरचा आवाज नको तिकडून येतोय हे ऐकताच ती निघाली, आणि पोचली तेव्हा बोरीचं झाड आडवं पडलं होतं आणि अर्धा धुरा इंद्रभानच्या शेतात जाऊन बसला होता. तोंडाचे टाके तिथंच उसवले. तिनं पायातली चप्पल हातात घेतली. इंद्रभान जणू तिचीच वाट पाहत होता. तो सावकाश पुढे आला आणि तिचं डावं मनगट त्यानं गच्च धरलं.

"मार ना काकू," तो हळूच म्हणाला. "मार. काऊन थांबली? मी आत्ता ठाण्यात जातो, अन् सगळ्या घराचं नाव देतो. पह्यलं नाव वैष्णवीचं."

मागं कुलदीप मोबाइल धरून उभा होता. आणि दूर पांदणीवर, रोजच्या वेळेला, पायजमा-टीशर्टातली वैष्णवी धावत येताना दिसत होती. पोरीचे डोळे चांगले होते. आजीचा हात कुणी धरलाय हे तिनं पाहिलं असणारच, कारण तिचा वेग वाढला. रक्त कुणाचं आहे हे मंजुळाबाईला कुणी सांगायला नको होतं. पोरगी पोचली की इंद्रभानच्या थोबाडीत बसणार, कुलदीपच्या मोबाइलमध्ये ते येणार, आणि मग कुणाला खोटं नाव द्यायचीही गरज उरणार नव्हती.

मंजुळाबाईनं हात अंगठ्याकडे फिरवून झटका दिला. सुटला. आणि तिच्या तोंडून आयुष्यातलं सगळ्यात अळणी वाक्य निघालं, "सोड! दूर हो!"

ती मोकळी झाली. समोर इंद्रभान, हात हवेत लोंबकळत राहिलेला, तोंड उघडं. उजव्या हातात चप्पल. इतका सोयीचा गाल देव रोज देत नाही. तिच्या हाताला खाज सुटली, खांद्यापर्यंत. पायाखाली तो धुरा होता, जिथं ती मेंदीच्या हातांनी बसली होती आणि हलली नव्हती. तिनं एकदा त्या गालाकडे पाहिलं.

मग ती पळाली. काष्टा वर ओढून, एक पाय अनवाणी, केसांचा बुचडा सुटलेला, पाठीमागं इंद्रभानचं हसणं. मंजुळाबाई पळत होती. शिवारातल्या बायका निंदणं सोडून उभ्या राहिल्या. ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॅक्टर बंद केला.

पांदणीत तिनं वैष्णवीला गाठलं आणि तिचं मनगट धरलं. "चाल घरी. पळ."

"आजी, त्यानं हात लावला तुले?"

"काई नाई लावला. पळ म्हनतो ना."

वैष्णवीनं हात अंगठ्याकडे फिरवला आणि सोडवून घेतला. शिबिरात तिनंच शिकवलेला डाव, आजीला कशी धरून ठेवता येणार? पोरगी धुऱ्याकडे वळली.

मंजुळाबाईच्या जवळ आता एकच गोष्ट उरली होती, जी तिनं उभ्या आयुष्यात कधी वापरली नव्हती. ती मटकन खाली बसली, पाय धरला आणि किंचाळली, "माय वं, माहा पाय गेला वं!"

बाळंतपणातही जिचा हूं की चूं ऐकू आला नाही असं सांगतात, ती बाई धुळीत लोळायला लागली. वैष्णवी थबकली. एकदा धुऱ्याकडे पाहिलं, एकदा आजीकडे. मग परत आली, तिनं आजीला पाठुंगळी घेतलं आणि गावाकडे चालू लागली. आजी नातीच्या खांद्यावर तोंड लपवून कण्हत होती. पायाला काहीही झालेलं नव्हतं.

पुढचे दिवस वाईट गेले. कुलदीपनं व्हिडिओ स्टेटसला ठेवला, वर हसणारी तोंडं लावून. गावभर तो फिरला. चहाच्या हॉटेलात लोक एकमेकांना दाखवत. गिरणीवाला म्हणाला, "मंजुळाबाई, तुमचं दळन पह्यले घेतो, तुम्हाले पळाची घाई असते." तिनं डबा ठेवला आणि घरचा रस्ता धरला. तिला लाज वाटली, खरोखरची. जन्मभरात जे काही मिळवलं होतं ते एक धुरा आणि एक दरारा, आणि दोन्ही एकाच संध्याकाळी गेलं होतं.

अनुपमा मॅडमपर्यंतही तो व्हिडिओ गेला. तिनं फोन केला. "आजी, अगदी बरोबर केलंत तुम्ही. शिबिरात कुणालाही इतकं नीट जमलं नव्हतं."

"बरोबर केलं तं मंग धुरा कोनाकडे हाये सांग," मंजुळाबाई म्हणाली.

"ते आम्ही शिकवत नाही," मॅडम म्हणाली, आणि निदान खोटं बोलली नाही म्हणून मंजुळाबाईला ती पहिल्यांदा आवडली.

त्यात पायाचं नाटक चालू ठेवावं लागत होतं. वैष्णवी रोज तेल चोळायची. मंजुळाबाई लंगडायची, पण कोणत्या पायानं हे विसरायची. सून प्रतीक्षाच्या ते ध्यानात आलं होतं. सासूचं लंगडणं कधी डावीकडे कधी उजवीकडे जाताना पाहून ती तोंडाला पदर लावून चुलीकडे वळे, पण बोलली नाही. वैष्णवीच्या मात्र काही लक्षात आलं नाही. तेल चोळता चोळता ती दात आवळून म्हणायची, "वर्दी येऊ दे अंगावर. मंग पाह्यतो त्या इंद्रभानले."

अखेर पडताळणीचा हवालदार आला. घरात कागद पाहून झाले, मग तो शेजाऱ्यांना विचारायला समोर गेला. मंजुळाबाई खराटा घेऊन दाराआड उभी राहिली. इंद्रभानच्या ओट्यावर चार माणसं जमली होती.

"समोरच्या घरची म्हातारी भांडखोर आहे असं ऐकलं," हवालदार म्हणाला. "मारामाऱ्या करतात का हे लोक?"

इंद्रभानला फक्त हो म्हणायचं होतं. एवढं एक अक्षर. पण समोर ऐकायला चार माणसं असली की इंद्रभानला आपली मर्दानगी आवरत नसे. तो मोठ्यानं हसला. "कोन, हे? साहेब, हे कायची मारामारी करतात? बुढी माह्यासमोरून ढुंगनाले पाय लावून पळाली. पुऱ्या गावानं पाह्यलं. कुलदीप, दाखव बे साहेबाले."

कुलदीपनं मोबाइल पुढे केला. हवालदारानं व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. मग मागं नेऊन पुन्हा पाहिला.

"हात तर तुम्ही धरलाय," तो म्हणाला.

ओट्यावरची चार माणसं इंद्रभानकडे पाहू लागली.

"तुम्ही म्हाताऱ्या बाईचा हात धरलाय, ती सोड म्हणते आहे, आणि सुटल्यावर कुणाला बोटही न लावता निघून जाते आहे. हातात चप्पल असून. यांनी तक्रार दिली नाही तुमच्यावर?"

"नाई," इंद्रभान बारीक आवाजात म्हणाला.

"मग चांगलंच घर आहे म्हणायचं. हा व्हिडिओ मला पाठवून ठेवा." हवालदार उठला. जाताना त्यानं ट्रॅक्टर कुणाचा, तो बांध कुणाचा, हेही सहज विचारून घेतलं. इंद्रभाननं सहज उत्तर दिलं नाही.

दाराआड मंजुळाबाईच्या हातात खराटा होता आणि जिभेवर इंद्रभानच्या सात पिढ्या तयार होत्या. तिनं खराटा खाली ठेवला आणि घरात जाऊन रडली. अपमानानं रडली की आनंदानं, हे प्रतीक्षानं विचारलं नाही, चहा मात्र पुढे ठेवला.

हुकूम आला. वैष्णवी प्रशिक्षणाला निघाली तेव्हा बसस्टँडवर गाव जमलं होतं. राजकुमारनं बॅगा चढवल्या. पोरीनं आजीच्या पायाला हात लावला आणि तो पाय तसाच धरून ठेवला.

"तुह्या या पायाचा हिशोब मी चुकता करीन, आजी. वर्दीतच येतो गावात, अन् पह्यले त्याच्या दारात जातो."

मंजुळाबाईनं तिला उभं केलं. "वर्दीत धुऱ्याचं भांडन करशीन तं तो इंद्रभान अन् तू, काय फरक? धुऱ्याचं मी पाह्यतो. राजकुमारनं मोजनीचा अर्ज देल्ला. सरकारी मानूस येईन तेव्हा येईन."

"पन तुहा पाय?"

"कोन्ता पाय?" मंजुळाबाई म्हणाली, आणि मग जीभ चावली.

वैष्णवी पाहतच राहिली. कंडक्टरनं घंटी मारली, मागच्या माणसांनी तिला आत ढकललं. बस सुटली तेव्हा ती खिडकीतून मान बाहेर काढून ओरडत होती, "आजी, खरं सांग, पाय दुखते का नाई?"

बस हलली होती, सांगायला वेळ नव्हता. मंजुळाबाईनं काष्टा वर ओढला आणि बसच्या बाजूनं पळायला लागली. स्टँडवरचे लोक, चहावाला, गिरणीवाला, भिंतीला टेकलेला कुलदीप, सगळे बघत होते. कुणीतरी शिट्टी वाजवली. ती पानठेल्याच्या पुढे, फ्लेक्सच्याही पुढे गेली, दोन्ही पाय जमिनीवर आपटून आपटून. खिडकीत वैष्णवी आधी हसली आणि मग तोंड ओढणीत घालून रडायला लागली, म्हणजे तिला समजलं.

बस वळणाला गेली. मंजुळाबाई धापा टाकत परत आली, गिरणीवाल्यासमोर थांबली आणि म्हणाली, "हस. पन दळन पह्यलं माहंच घ्याचं."